हातात द्या

"हात में दो मियाँ, हात में."

हैदराबादेत, आबिड्सच्या एका गल्लीत, जिन्याखालच्या दुकानासमोर थोडा वेळ उभं राहिलं की हे वाक्य ऐकू यायचंच. गिऱ्हाईक बहुतेक वेळा तरुण असायचं. बुलेट बाजूला लावलेली, हेल्मेट काखेत, आणि खांद्यावरचं जॅकेट काढून त्यानं काउंटरवर टाकलेलं. लिंबाजीमामा त्या जॅकेटकडे बघायचेसुद्धा नाहीत. दोन्ही हात पाठीमागे बांधून ते गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत राहायचे.

"रख्या ना चाचा. देख लो."

"रख्या तो काउंटर करेगा पॉलिश. मेरे से कराना है तो मेरे हात में दो."

शेजारी घड्याळं दुरुस्त करणारे हमीदभाई डोळ्यावरचं भिंग न काढता म्हणायचे, "दे दो बाबा, दे दो. इनो नवाब हैं. पडी हुई चीज नहीं उठाते."

पोरगा हसत जॅकेट उचलायचा आणि पुढं करायचा. मग मामांचे हात पाठीमागून यायचे. दोन्ही हात. जॅकेट तळव्यांवर घेऊन ते क्षणभर वजन जोखल्यासारखं धरायचे आणि विचारायचे, "कबसे है तुम्हारे पास?" काम झाल्यावरही तेच. जॅकेट घडी करून काउंटरवर ठेवलेलं कुणी कधी पाहिलं नाही. ते हातातून हातात जायचं.

गेल्या पावसाळ्यापासून ते शटर खाली आहे. मामा आता नाहीत. ते माझे सख्खे मामा नव्हते. माझ्या आईच्या आणि त्यांच्या गावांच्या मध्ये एक ओढा होता, एवढंच नातं. नांदेडकडून हैदराबादेत आलेल्या आमच्या लोकांत एवढं नातं पुरतं.

हैदराबादेत चामड्याचं जॅकेट घालतं कोण, असं मला लहानपणी वाटायचं. इथं थंडी म्हणजे तीन-चार आठवड्यांची पाहुणी. बाकीचं वर्ष जॅकेट कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत गुदमरतं. मग दिवाळी झाली की लोक कपाट उघडतात आणि घाबरतात. काळ्या जॅकेटवर पांढरी बुरशी, तपकिरी जॅकेटच्या खांद्यांचा रंग उडालेला, कोपरं वाळल्या ओठांसारखी फुटलेली. ही सगळी मंडळी आबिड्सला येत. कुणाला थंडीच्या देशात नोकरी लागलेली असायची, कुणाला भावाचं जुनं जॅकेट मिळालेलं असायचं, कुणी फौजेतून निवृत्त झालेला असायचा.

मामा आधी जॅकेट गिऱ्हाइकाच्याच अंगात घालायला लावत. "हात उपर. अब नीचे. अब गाडी चलारे जैसा करो." लोकांना गंमत वाटायची. मामा मात्र कुठं घडी पडते, कुठं कातडं ताणतं, ते बोटानं चाचपून बघत असायचे. मग कोरडा ब्रश. मग पाण्यात थोडा सिरका, म्हणजे व्हिनेगर, घालून पिळून घेतलेलं फडकं, बुरशीसाठी. मग सावलीत वाळवण. उन्हात कधीच नाही. एवढं झाल्यावर खुराक.

खुराक हा त्यांचा शब्द. बाजारात त्याला कंडिशनर म्हणतात आणि तो बाटलीत मिळतो. मामा स्वतः करायचे, मेण आणि तेल एकत्र कढवून, एका चपट्या डब्यात. बोटभर घेऊन आधी तळहातावर चोळायचे, तो पातळ झाला की बोटांच्या टोकांनी गोल गोल कातड्यात जिरवायचे. कोपरांना दोनदा. मग एक अख्खा दिवस जॅकेटला हात लावायचा नाही. गिऱ्हाइकं घाई करायची. मामा म्हणायचे, "खाया सो हजम होने दो."

रंगाची वेळ त्यानंतर. आणि रंग शोधायची त्यांची जागा ठरलेली होती. ते कॉलर उचलायचे. कॉलरच्या खाली, जिथं ऊन पोचलेलं नसतं, धूळ बसलेली नसते, तिथं जॅकेटचा जन्माचा रंग शिल्लक असतो. त्या रंगाला जुळेपर्यंत ते वाटीत रंग कालवत बसायचे. मग आतल्या शिवणीवर एक ठिपका लावून बघायचे, वाळू द्यायचे, पुन्हा बघायचे. स्पंजानं पातळ हात द्यायचा, वाळवायचं, पुन्हा पातळ हात. शेवटी गावाकडच्या घोंगडीच्या तुकड्यानं घासून चमक.

"आधी खुराक, मग रंग, चमक सगळ्यात शेवटी," ते मला सांगायचे. "लोकाला चमक आधी पायजे असती. वाळल्या कातड्याला चमक लावली की महिन्यात तडकतंय बघ."

आणि हे सगळं करताना अंगात पांढरा शर्ट. पूर्ण बाह्यांचा, इस्त्रीचा, बाह्या मनगटाच्या वर बरोबर दोन घड्या. रंगाच्या वाट्यांमध्ये दिवसभर बसलेला हा माणूस संध्याकाळी उठायचा तेव्हा शर्टावर एक ठिपका नसायचा. डाग फक्त बोटांवर. ते निघत नसत आणि काढायचा प्रयत्नही ते करत नसत. लग्नाच्या पंगतीत त्यांची बोटं बघून कुणी विचारलं तर सांगायचे, "हे तपकिरी कालचं आहे. काळं परवाचं."

दुकानावर पाटी होती 'भुजंग लेदर'. भुजंगा हे त्यांच्या वडिलांचं नाव. नवीन गिऱ्हाईक हमखास विचारायचं, "चाचा, साँप का चमडा भी रखते क्या?" मामा तेवढ्याच शांतपणे उत्तर द्यायचे, "साँप नहीं. बाप."

एकदा मी तिथं बसलेले असताना एक फ्लॅट विकणारे गृहस्थ आले. जॅकेट तपकिरी, बाह्यांचा रंग पार उडालेला. त्यांना घाई होती.

"काला मार दो मामू. सब छुप जाता."

"भूरा है. भूराच निकालूंगा."

"अरे, जॅकेट मेरा है. मैं बोलरौं ना काला करो."

"जॅकेट आपका. हात मेरे."

गृहस्थ तणतणत गेले. हमीदभाईंनी कपाळाला हात लावला. "लक्ष्मी को लात मारे आप." मामा म्हणाले, "काला सबकू ढाँक देता हमीदभाई. फिर मेरा काम क्या?" आठ-दहा दिवसांनी ते गृहस्थ परत आले. कुठंही काळं करून मिळालं असतं, तरी परत आले. काम झाल्यावर त्यांनी स्वतःच कॉलर उचलून बाहीशी रंग ताडून बघितला आणि जॅकेट तिथंच अंगात चढवलं.

आता माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय मामांची गोष्ट पुरी होत नाही. अण्णा जामबागेतल्या एका शाळेत शिकवायचे. वस्तीत सगळे त्यांना मास्तर म्हणतात. नल्लकुंट्यात आमच्या मंडळाचं एक छोटं सभागृह आहे, त्याचे ते पहिल्यापासूनचे चिटणीस. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर. जेवणाच्या आधी आमच्या घरी पत्रकांच्या घड्या घातल्या जायच्या. 'लाचारीची कामं सोडा', 'मेलेलं ढोर ओढणार नाही', 'शिका आणि ताठ उभे राहा', ही वाक्यं मला पाढ्यांच्या आधी पाठ होती. आणि अण्णा जे छापत ते जगत. चामड्याला त्यांनी उभ्या आयुष्यात हात लावला नाही. पायात बारा महिने कॅनव्हासचे बूट, घड्याळाला स्टीलचा पट्टा, खांद्याला कापडी पिशवी. त्यांच्या वडिलांचा, माझ्या आज्याचा, गावकीचं मेलेलं ढोर ओढताना जीव गेला होता. अण्णा तेव्हा नऊ वर्षांचे होते. धम्म घेतल्यावर आमच्या लोकांनी पहिलं काय टाकलं असेल तर ते काम टाकलं. त्या टाकण्यातून आम्ही माणसं झालो, असं मला वाढवलं गेलं, आणि ते खरंच आहे.

तर अशा घरात दर रविवारी सकाळी मामा चहाला यायचे. पांढरा शर्ट, डागाळलेली बोटं. अण्णा कॅनव्हासचे बूट घालून समोर बसायचे. भांडण ठरलेलं.

"लिंबाजी, अजून किती दिवस ते कातडं चोळणार?"

"हात आहेत तोवर."

"आपण ते सोडलं."

"ओढायचं सोडलं ते लई चांगलं केलं मास्तर. ते लादलेलं होतं. हे मी शिकलोय. तुम्ही गणित शिकले तसं."

अण्णा कप आपटायचे. मामा बशीत चहा ओतायचे. पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा मामांवर एक पत्रक लिहिलं. चार पानी, 'जिन्याखालचं आयुष्य'. वाकलेली पाठ, काळवंडलेले हात, अंधार, पिढ्यान्‌पिढ्यांचं ओझं, सगळं त्यात होतं. लिहिताना माझे डोळे भरून आले होते. छापून आल्याबरोबर गठ्ठा घेऊन मी आबिड्सला गेले आणि मोठ्या अभिमानानं तो काउंटरवर ठेवला.

मामांचे हात पाठीमागे गेले.

"मामा, तुमच्यावर लिहिलंय. बघा ना."

"हातात दे की गं."

मी एक प्रत उचलून दिली. गिऱ्हाइकं येत-जात होती. मधल्या मधल्या वेळात त्यांनी ते चार पानी पत्रक वाचलं. ओठ हलवत, एकही ओळ न गाळता. मला वाटलं होतं, त्यांना भरून येईल. त्यांनी घडी घालून ते शर्टाच्या खिशात ठेवलं.

"शर्ट पांढरा असतोय माझा. ते का नाही लिहिलंस?"

मी काहीतरी पुटपुटले.

"काम कसं करतो ते बी नाही. वाटीत रंग कसा जुळवतो, ते नाही. रोज बघतीस की तू. मग कुठं गेलं?" ते रागावले नव्हते. एखाद्या जॅकेटची शिवण तपासावी तसं बोलत होते. "चमक आधी लावलीस पोरी. खुराक राहिला."

मग त्यांनी मला त्यांच्या वडिलांची गोष्ट सांगितली. ती त्यांनी त्याआधी कधी सांगितली नव्हती, नंतरही नाही.

भुजंगा गावाकडून आले ते एका मुसलमान उस्तादाच्या दुकानात झाडलोट करायला. हेच ते दुकान. गावात त्यांना कुणी हातात काही दिलेलं नव्हतं. भाकरी वरून पदरात पडायची, पाणी वरून ओंजळीत पडायचं, दुरुस्तीची वहाण अंगणात फेकली जायची आणि ती त्यांनी उचलायची. जन्मापासून सगळं उचललेलं. एके दिवशी उस्ताद नमाजाला गेले होते आणि एक उंचापुरा माणूस दुकानात आला. अंगातलं जॅकेट काढलं आणि "लो मियाँ, संभालके" म्हणून सरळ भुजंगांच्या हातांवर ठेवून निघून गेला. त्याला काहीच माहीत नव्हतं. माहीत असतं तर त्यानं काय केलं असतं, कुणास ठाऊक.

"उस्ताद येईपर्यंत बाप तसाच उभा," मामा म्हणाले. "हातावर जॅकेट, आन् असा उभा. उस्तादांनी विचारलं, कैकू खडे हो, रख दो ना. बाप म्हणाला, हातात दिलंय, खाली कसं ठेवू? त्या संध्याकाळी जेवला नाही तो. आय म्हणायची, मला वाटलं गड्याला ताप आला."

मग भुजंगा ते काम शिकले. मग लिंबाजी त्यांच्याकडून शिकले. उस्तादांना मूल नव्हतं. दुकान भुजंगांकडं आलं.

"तुझ्या पत्रकात लिवलंय, या धंद्यानं माझी पाठ वाकवली," मामा म्हणाले. "माझ्या बापाची पाठ या धंद्यानं सरळ झाली. दोन्ही खरं असंल. पण तू एकच लिवलंस."

मी ती पत्रकं वाटली नाहीत.

आमच्या सभागृहाच्या भिंतीवर, गाव सोडून इथं आलेल्या पहिल्या पिढीतल्या अकरा जणांचे फोटो होते. प्रत्येक फोटोखाली एक पट्टी: नाव, गाव, काम. 'टपाल खाते'. 'रेल्वे'. 'शिक्षक'. 'परिचारिका'. भुजंगांच्या फोटोखाली लिहिलं होतं 'समाजसेवक'. भुजंगांनी सभागृहासाठी जे केलं होतं ते टेबलावरच असायचं: ठरावांची जाडजूड वही, तिला त्यांनी स्वतःच्या हातानं घातलेली तपकिरी चामड्याची बांधणी. दर वर्षी वैशाखातल्या पौर्णिमेच्या आधी मामा तो चपटा डबा घेऊन येत, वहीला खुराक देत, घोंगडीच्या तुकड्यानं घासत आणि जात. अण्णा ती वही रोज वापरायचे, पण तिच्यावर कायम एक रुमाल गुंडाळलेला असायचा.

मामांची मागणी साधी होती. 'समाजसेवक' काढा आणि 'चामड्याचे कारागीर' लिहा. दोनदा अर्ज दिला, दोनदा तो 'पुढे बघू' झाला. मग सभागृहाला रंग द्यायचं ठरलं, पट्ट्या नव्या करायचं ठरलं, आणि मामांनी तिसरा अर्ज दिला. त्या रविवारच्या बैठकीला मी होते.

सुरेश नावाचा आमच्यातला एक सॉफ्टवेअरवाला मुलगा नव्या पट्ट्यांचं काम बघत होता. चांगला मुलगा. त्यानं तोडगा काढला. "मामा, नुसतं 'कारागीर' लिहू या ना. भारी वाटतं."

"कशाचा कारागीर?"

"ते कशाला पाहिजे?"

"मग लोक म्हणतील सुताराचं काम करत होता. सुतार रागावतील."

कुणीतरी हसलं. अण्णा हसले नाहीत.

"इथं आपली मुलं अभ्यासाला येतात," अण्णा म्हणाले. "या भिंतीकडे बघून मोठी होतात. त्यांनी काय वाचायचं? चामडं?"

"हो," मामा म्हणाले.

"लिंबाजी, माझा बाप मेलेला बैल ओढताना नाल्यात पडला आणि बैल त्याच्या अंगावर आला. त्याला बाहेर काढला तेव्हा त्याच्या अंगाला जो वास होता, तो मला अजून येतो. मी असेपर्यंत हा शब्द या भिंतीवर लागणार नाही."

मामांनी मान वर केली.

"तुमचा बाप त्या चामड्यानं मेला मास्तर. त्याचं दुःख मला बी आहे. पण माझा बाप चामड्यानं जगला. मी तुमच्या बापाखाली काय लिवा ते सांगत नाही. माझ्या बापाखाली जे नव्हतं ते लिवू नका, एवढंच सांगतो. त्यानं समाजाची सेवा कधी केली नाही. काम केलं."

मत घेतलं गेलं. हात वर झाले. मी मतदार नव्हते, पण बोलू शकत होते. चौकाचौकात भाषणं करणारी मी, बोलले नाही. बापाविरुद्ध बोलायचं होतं म्हणून नाही बोलले. हे इथं लिहून ठेवते.

अण्णांनी ठराव लिहिला. भुजंगांनी बांधलेल्या वहीतच लिहिला. 'अर्ज नामंजूर.'

"मग फोटो द्या माझ्या बापाचा," मामा म्हणाले. "खोट्या नावाखाली नाही ठेवायचा मला."

रंगकामासाठी सगळे फोटो उतरवून कोपऱ्यात रचले होते. अण्णा स्वतः उठले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी भुजंगांचा फोटो शोधला, टेबलावर आणून ठेवला आणि बोटांनी पुढं सरकवला.

"हा घ्या. न्या."

काच टेबलावर घासल्याचा आवाज झाला.

मामांचे हात पाठीमागे गेले. आबिड्सच्या काउंटरमागे ते हजार वेळा असे गेलेले मी पाहिले होते, पण तिथं हमीदभाई असायचे, हसू असायचं. इथं सगळी आपलीच माणसं होती. ज्यांनी गाव सोडलं, पदरात पडलेली भाकरी नाकारली, ती माणसं.

"हातात द्या, मास्तर."

मामांचा आवाज चढला नव्हता. उलट इतका हळू होता की मागच्या बाकावरच्या शांताबाईंनी "काय म्हणाला?" असं विचारलं.

अण्णांनी फोटोकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं. आपल्या हातून काय झालं ते त्यांना उमगलं असावं. ज्या माणसानं आयुष्यभर त्या एका गोष्टीविरुद्ध पत्रकं काढली, त्याच्याच बोटांनी ती गोष्ट केली होती, रागाच्या भरात, आपल्याच माणसाशी. त्यांनी फोटो उचलला. दोन्ही हातांनी. टेबलाला वळसा घालून मामांच्या समोर आले आणि त्यांच्या हातांवर ठेवला. मामांच्या डागाळलेल्या बोटांना अण्णांची बोटं लागली.

"येतो," मामा म्हणाले आणि गेले.

घरी आल्यावर आईनं ताट वाढलं. अण्णांनी ते पुढं ओढलं नाही. भुजंगांच्या न जेवण्याची गोष्ट त्यांना माहीत नव्हती. ती मला माहीत होती, आणि मी ती तेव्हाही सांगितली नाही.

भुजंगांचा फोटो मामांनी दुकानात लावला. खाली पुठ्ठ्यावर स्वतःच्या हातानं मराठीत लिहिलं: 'भुजंगा. चामड्याचे कारागीर.' गिऱ्हाइकांपैकी कुणाला ते वाचता यायचं नाही. हमीदभाईंनी विचारलं, "लिखे तो लिखे, उर्दू में लिखते, तेलुगू में लिखते. इसे पढता कौन?" मामा म्हणाले, "जिसकू पढना है वो आयेगा."

रविवारचा चहा बंद झाला. मामा बैठकीला यायचे थांबले. पण पुढच्या वैशाखातल्या पौर्णिमेच्या आधी ते डबा घेऊन सभागृहात आले, वहीला खुराक दिला आणि गेले. ज्या वहीत त्यांचा अर्ज नामंजूर झाला, तिच्या पाठीवर त्यांची बोटं नेहमीसारखीच गोल गोल फिरली. मी विचारलं, "मामा, कशाला?" ते म्हणाले, "कातड्यानं काय केलंय?"

अण्णांनी मत बदललं नाही. आजही बदललेलं नाही. मी चौथा अर्ज दिला आहे, या वेळी दोन फोटोंसाठी, भुजंगांच्या आणि मामांच्या, आणि दोन्हींखाली तेच शब्द. बैठकीत अण्णा विरोध करणार आहेत, तसं त्यांनी मला तोंडावर सांगितलं आहे. या वेळी मी बोलणार आहे. अण्णांचं दुःख खोटं नाही हे मला कळतं. पण जे काम आपण टाकलं त्याचा अभिमान भिंतीवर लागतो, आणि जे काम आपल्यातल्या एकानं मान ताठ ठेवून केलं त्याची लाज वाटते, तर आपण अजून गावातल्याच नजरेनं स्वतःकडे बघतो आहोत. हे मी पत्रकातही लिहीन. या वेळी खुराक आधी.

मामांना मी दुकानात शेवटचं पाहिलं ते गेल्या वैशाखात. त्यानंतरच्या पावसाळ्यात ते घरीच होते आणि दिवाळीच्या आत गेले. वैशाखात त्यांना श्वास लागायला लागला होता. सभागृहाचा जिना त्यांना चढवत नव्हता. पौर्णिमा दोन दिवसांवर आली तरी ते वहीसाठी आले नाहीत. मी दुपारी भेटायला म्हणून आबिड्सला गेले. गल्लीच्या तोंडाशीच थबकले.

दुकानासमोर अण्णा उभे होते. कॅनव्हासचे बूट, खांद्याला कापडी पिशवी. नल्लकुंट्याहून ते बसनं आले असणार. त्यांच्या हातात ठरावांची वही होती, आणि तिच्यावर रुमाल नव्हता. उघडं चामडं त्यांनी दोन्ही तळव्यांवर धरलं होतं.

मामा आत वाकून एका जॅकेटच्या कोपराला खुराक लावत होते. मान वर न करता म्हणाले, "थांबा मास्तर जरा. हात भरलेत."

"असू दे. होऊ दे तुमचं."

वही जड आहे. मी ती उचललेली आहे, मला माहीत आहे. अण्णांनी कोपरं पोटाशी टेकवली, पण वही खाली आणली नाही. हमीदभाईंनी भिंग वर केलं.

"मास्टर साब, रख दो ना काउंटर पे. कब तक पकडके खडे रहेंगे?"

"नक्को," अण्णा म्हणाले. दख्खनी त्यांच्या तोंडून मी क्वचितच ऐकली होती. "ठीक है ऐसेच."

त्यांच्या समोरच्या भिंतीवर भुजंगांचा फोटो होता आणि त्याखाली पुठ्ठ्यावरचे शब्द. त्या दुकानात मराठी वाचता येणारं गिऱ्हाईक बहुधा पहिल्यांदाच उभं होतं. अण्णा ते वाचत होते की नाही, मला पाठीमागून दिसलं नाही.

मी पुढं गेले नाही. मामांनी कोपर पुरं केलं. दुसरं कोपर घेतलं, तेही पुरं केलं. जॅकेट हँगरला लावलं. मग बादलीत हात बुडवले, साबण लावला, पुन्हा बुडवले, आणि फडक्यानं एकेक बोट वेगळं धरून पुसलं. डाग होते तसेच राहिले. शर्ट पांढराशुभ्र होता. बाह्यांच्या दोन घड्या त्यांनी सारख्या केल्या, वळले, आणि दोन्ही हात पुढं केले.